ब्रिज सर्किट: मधे रेझिस्टर लावला की बी-डी मधलं व्होल्टेज निम्मं का होतं?

मिरज_डिप्लोमा:

नमस्कार, मी डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट म्हणजे दूध संकलन केंद्रासाठी वजनकाटा, कॅन ठेवला की वजन आपोआप नोंदलं जाईल असा. त्यात लोड सेल (वजनानुसार व्होल्टेज देणारा सेन्सर) आहे आणि सर म्हणाले लोड सेलच्या आत व्हीटस्टन ब्रिजच (चार रेझिस्टरची चौकोनी जुळणी) असतो, आधी ब्रेडबोर्डवर साधा ब्रिज करून बघा, तो कळला की मग लोड सेलला हात लावा. म्हणून सध्या तेच चाललंय पण जेवढं मोजतोय तेवढा गोंधळ वाढतोय.

सर्किट सांगतो. वरचा पॉइंट ए, तिथं सप्लायचा प्लस, १० व्होल्ट. खालचा पॉइंट सी, तिथं मायनस. डावीकडं ए ते बी १ के (१००० ओहम) आणि बी ते सी १ के. उजवीकडं ए ते डी १ के, आणि डी ते सी आधी १ के होता तो काढून नंतर १.२ के लावला. मीटर बी आणि डी च्या मधे.

पहिला प्रश्न, चारही १ के असताना मायनसपासून मोजलं तर बी वर ५ व्होल्ट येतात, डी वर पण ५ च येतात. बॅलन्स असला की मधल्या फांदीत करंट नसतो हे पाठ आहे, पण दोन्ही टोकांना ५-५ व्होल्ट असताना करंट का नाही हे पटत नाही. आणि माझ्याकडं तर बी-डी मधे पूर्ण शून्य येतच नाही, ०.०२ येतं.

दुसरा प्रश्न, १.२ के लावल्यावर बी-डी मधे ०.४६ व्होल्ट आले, हिशोबानं ०.४५ यायला पाहिजेत म्हणजे जवळजवळ बरोबर. मग मधे १ के चा रेझिस्टर लावला. मला वाटलं ०.४५ भागिले १ के म्हणजे ०.४५ मिलीअँप जाईल. पण रेझिस्टर लावल्यावर त्याच्यावर व्होल्टेजच ०.२२ राहिलं! बाकीचं व्होल्टेज गेलं कुठं?

तिसरा, रेझिस्टर काढून तिथं मीटरच करंटच्या रेंजवर लावला. २० मिलीच्या रेंजवर ०.४४ आलं, २००० मायक्रोच्या रेंजवर ४०१ आलं. तोच ब्रिज, तोच मीटर, फक्त रेंज बदलली तर करंट बदलला. मीटर खराब आहे का? मित्र म्हणतो बी-डी मधे सरळ वायर लावल्यासारखंच आहे तर शून्य ओहमनं भागून करंट अनंत यायला पाहिजे, ते पण येत नाही.

कुणी नीट समजावून सांगेल का, फॉर्म्युले आहेत माझ्याकडं पण ते वापरून उत्तर येतं आणि कळत काहीच नाही.

नीलांबरी:

सर्किट आणि आकडे दोन्ही नीट लिहून दिलेस ते फार बरं केलंस, अर्धं काम तिथेच होतं. मी हा विषय शिकवते आणि दरवर्षी वर्गात नेमके हेच प्रश्न येतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिला प्रश्न. "बी वर ५ व्होल्ट आहेत" हे वाक्य अर्धवट आहे. बी वर सी च्या तुलनेत ५ व्होल्ट आहेत असं म्हण. व्होल्टेज हे एका पॉइंटचं नसतंच, ते कायम दोन पॉइंटमधलं असतं, तुझी काळी प्रोब सी ला होती म्हणून ५ दिसले, तीच काळी प्रोब ए ला लावली असतीस तर उणे ५ दिसले असते आणि बी मधे काडीचाही फरक पडला नसता. आता मधली वायर कुठल्या दोन पॉइंटना जोडली आहेस? बी आणि डी ला. त्या वायरला सी कुठे आहे, ए कुठे आहे याच्याशी काही देणंघेणं नाही, तिला फक्त तिच्या दोन टोकांमधला फरक कळतो. तो फरक ५ वजा ५. एकाच कालव्यातून निघून उतारावरून खाली जाणारे दोन पाट मनात आण, दोन्हींत पाणी जोरात वाहतंय, पण मधे बांधावर आडवी चारी खोदलीस आणि चारीची दोन्ही तोंडं एकाच पातळीवर असतील तर चारीतलं पाणी जागचं हलणार नाही. पाट मात्र वाहत राहतात, तसे तुझ्या डाव्या फांदीतून ५ मिलीअँप आणि उजव्या फांदीतून ५ मिलीअँप आरामात जात असतात. बॅलन्स म्हणजे सर्किट थंड पडलंय असं अजिबात नाही.

आता दुसरा प्रश्न, खरी गंमत तिथे आहे.

०.४५ हा आकडा काढताना तू काय धरलंस? डावीकडे १० व्होल्टचे दोन समान भाग, म्हणून बी ५.०० वर. उजवीकडे १.२ के खाली आणि १ के वर, म्हणून डी १० गुणिले १.२ भागिले २.२, म्हणजे ५.४५ वर. हे दोन्ही हिशोब तेव्हाच खरे जेव्हा बी आणि डी मधून बाहेर कुणीही करंट खेचत नाही. वरच्या रेझिस्टरमधून जेवढा करंट आला तेवढाच खालच्यातून गेला, हे व्होल्टेज डिव्हायडरच्या फॉर्म्युल्यातच दडलेलं आहे. मधे १ के लावलास त्या क्षणी ते खोटं झालं. डी वर व्होल्टेज जास्त, म्हणून करंट डी कडून बी कडे जायला लागला. आता डी च्या वरच्या १ के ला खालच्या १.२ के चा करंट द्यायचाच आहे शिवाय मधल्या फांदीचा पण द्यायचाय, त्याच्यावर ड्रॉप वाढला, डी खाली सरकला. बी ला उलटं झालं, बाहेरून करंट येऊन मिळाला, तो खालच्या १ के मधून जाणार, त्याच्यावर ड्रॉप वाढला, बी वर सरकला. दोन्ही एकमेकांकडे सरकले.

आकडे करून बघ: मधे १ के असताना बी येतो ५.११ वर आणि डी येतो ५.३३ वर. फरक ०.२२. हेच तुला मीटरवर दिसलं. म्हणजे व्होल्टेज कुठे "गेलं" नाही, दोन टोकं जवळ आली. सी ला काळी प्रोब लावून बी आणि डी वेगवेगळे मोज, आधी मधला रेझिस्टर न लावता आणि मग लावून, तुला ती हालचाल स्वतःच्या मीटरवर दिसेल. हे प्रॅक्टिकल मी प्रत्येक बॅचकडून करून घेते कारण नुसत्या फॉर्म्युल्यात हे सरकणं दिसतच नाही.

आता हे दरवेळी एवढं लांबलचक करायचं नसेल तर थेवेनिन वापरायचा. बी आणि डी या दोन टोकांकडून आत बघितलं तर अख्खा ब्रिज म्हणजे ०.४५४५ व्होल्टची एक बॅटरी आणि तिच्या सिरीजमधे एक रेझिस्टर. तो रेझिस्टर काढायचा असेल तर सप्लाय काढून टाक आणि त्याच्या जागी ए आणि सी वायरने जोड (सप्लाय चालू ठेवून ए-सी कधीही जोडू नकोस). मग डावीकडचे दोन १ के पॅरलल दिसतात, ५०० ओहम. उजवीकडे १ के आणि १.२ के पॅरलल, ५४५ ओहम. दोन्ही सिरीजमधे, एकूण १०४५ ओहम. आता मधे १ के लावला म्हणजे एकूण २०४५ ओहम, करंट ०.४५४५ भागिले २०४५, बरोबर ०.२२ मिलीअँप. आणि शून्य ओहमची वायर लावली तरी १०४५ ओहम कुठे जात नाहीत, करंट जास्तीत जास्त ०.४३५ मिलीअँप. तुझ्या मित्राला अनंत करंट का दिसत नाही त्याचं उत्तर हेच, शून्याने भागायचंच नाहीये, १०४५ ने भागायचंय.

मिरज_डिप्लोमा:

मॅडम खूप खूप धन्यवाद!! बी वर जातो आणि डी खाली येतो हे आत्ताच मोजून बघितलं, मधे १ के न लावता ४.९९ आणि ५.४५, लावल्यावर ५.१० आणि ५.३३. पहिल्यांदा वाटलं की हे खरंच कळलं.

एक अजून, मधे १ के असताना सप्लायमधून एकूण किती करंट जातो ते काढायला बसलो तर सिरीज कुठं धरायची आणि पॅरलल कुठं तेच सापडेना. वरचा आणि खालचा सिरीजमधे धरला तर मधला कुठं बसवायचा?

ओहमनाद:

मधला लावला की कुठलेच दोन रेझिस्टर सिरीजमधे नसतात आणि कुठलेच पॅरललमधे पण नसतात, म्हणून तुला सापडेना. सिरीज म्हणायला दोघांतून तोच करंट जायला पाहिजे आणि बी वर तर तीन वाटा फुटतात. अनबॅलन्स्ड ब्रिजला सिरीज-पॅरललनं हात घालायचाच नाही.

थेवेनिन मस्त आहे पण तो फक्त मधल्या फांदीचं सांगतो. तुला सगळ्या फांद्यांचे करंट पाहिजेत तर किरचॉफ लाव, दोनच समीकरणं आहेत घाबरण्यासारखं काही नाही. के आणि मिलीअँप मधे काम कर म्हणजे शून्यं मोजत बसायला नको. बी ला येणारा करंट बरोबर जाणारा करंट: (१० - बी) + (डी - बी) = बी, म्हणजे १० + डी = ३ बी. डी ला तसंच: (१० - डी) + (बी - डी) = डी भागिले १.२. सोडव, बी ५.१११ आणि डी ५.३३३ येतात. मग प्रत्येक फांदी सुटली, डावा वरचा ४.८९ मिलीअँप, डावा खालचा ५.११, उजवा वरचा ४.६७, उजवा खालचा ४.४४, मधला ०.२२. वरून जाणारे ४.८९ आणि ४.६७, बेरीज ९.५६. खालून येणारे ५.११ आणि ४.४४, बेरीज ९.५५, पॉइंटनंतरचं राउंडिंग सोडलं तर जुळतं. ही बेरीज जुळवून बघायची सवय लाव, परीक्षेत चिन्ह चुकलं की इथेच पकडलं जातं.

दुसरी पद्धत स्टार-डेल्टा, ए-बी-डी चा डेल्टा (त्रिकोण) मोडून स्टार (एका सांध्याला तीन फाटे) करायचा, पण मला विचारशील तर त्यात आकडेमोड जास्त आणि समज कमी. पेपरमधे "स्टार-डेल्टा वापरून" असं लिहिलेलं असेल तरच.

आता तुझा रेंजचा प्रश्न कुणी घेतला नाही तो मी घेतो. मीटर खराब नाही. करंट मोजताना मीटर काय करतो, आत एक छोटा रेझिस्टर आहे त्याच्यातून करंट जाऊ देतो आणि त्याच्यावरचं व्होल्टेज मोजतो. हे स्वस्तातले पिवळे-काळे मीटर असतात त्यांचं मूळ मोजमाप २०० मिलिव्होल्टचं असतं. म्हणजे २००० मायक्रोअँपला २०० मिलिव्होल्ट पडायचे तर आत १०० ओहम पाहिजेत. २० मिलीअँपला २०० मिलिव्होल्ट पडायचे तर १० ओहम. २०० मिलीच्या रेंजला १ ओहम. आता नीलांबरी मॅडमच्या १०४५ मधे हे मिळव. २० मिलीच्या रेंजवर ०.४५४५ भागिले १०५५ म्हणजे ०.४३. २००० मायक्रोच्या रेंजवर ०.४५४५ भागिले ११४५ म्हणजे ३९७ मायक्रो. तुला ०.४४ आणि ४०१ आले कारण तुझ्या ब्रिजचं व्होल्टेज मुळात ०.४५ नाही ०.४६ आहे. इतकं नीट जुळतंय की त्या मीटरवर माझा तर विश्वास बसला. मोजायला जो मीटर लावलास तोच सर्किटचा भाग झाला एवढंच झालंय.

व्होल्टच्या रेंजवर हे जाणवलं नाही कारण तिथे मीटर आतून साधारण १ मेगा ओहम असतो, १ हजाराच्या ब्रिजला तो न लावल्यासारखाच. पण हाच ब्रिज १-१ मेगाच्या रेझिस्टरनी बांधला तर व्होल्टेजच निम्म्याच्या आसपास दिसेल आणि परत वाटेल मीटर गेला.

बॅलन्सला ०.०२ येतं ते टॉलरन्समुळे, म्हणजे रेझिस्टरची खरी किंमत छापील किमतीपेक्षा थोडी वेगळी असते म्हणून. सोनेरी पट्टीचे रेझिस्टर असतील ना, ५ टक्क्यांचे? चारमधला एक फक्त १ टक्क्याने जास्त असला, १००० च्या जागी १०१०, तरी १० व्होल्टवर २५ मिलिव्होल्ट दिसतात. १ टक्कावाले मेटल फिल्म घे, किंवा एका फांदीत ९१० ओहम आणि सिरीजमधे २०० ओहमचा मल्टीटर्न प्रीसेट (स्क्रू फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) टाकून शून्य जुळव. आणि शून्य बघताना मीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर ठेव, २० व्होल्टच्या रेंजवर १० मिलिव्होल्टच्या खालचं काही दिसतच नाही.

कॉलेजच्या लॅबमधे बी-डी मधे ऑसिलोस्कोप लावायचा मोह होईल, तो मात्र टाळ. प्रोबची काळी क्लिप आतून अर्थला असते. तुमच्या सप्लायचा मायनस पण अर्थला जोडलेला असेल तर क्लिप बी ला लावल्याबरोबर बी आणि सी शॉर्ट, खालचा रेझिस्टर गायबच. दोन चॅनेल घेऊन एक बी ला एक डी ला, दोन्ही क्लिप सी ला, आणि स्कोपमधे वजाबाकी कर.

तराजू_दुरुस्ती:

आमचा धंदाच काटे दुरुस्तीचा, नाशिक भागात कांद्याच्या मार्केटचे इलेक्ट्रॉनिक काटे आणि दोन-तीन वजनब्रिज (ट्रक तोलायचे मोठे काटे) आमच्याकडं असतात. वरच्या दोघांनी थिअरी एकदम क्लिअर केली, मी लोड सेलचं सांगतो कारण तुला शेवटी तिथंच जायचंय.

लोड सेल म्हणजे अॅल्युमिनियमचा नाहीतर स्टीलचा ठोकळा, त्याला चार स्ट्रेन गेज चिकटवलेले, प्रत्येक बहुतेक ३५० ओहमचा. वजन ठेवलं की दोन गेज ताणले जातात त्यांचा रेझिस्टन्स वाढतो, दोन दाबले जातात त्यांचा कमी होतो. ते ब्रिजमधे असे बसवलेले असतात की बी खाली जातो आणि डी वर येतो, तुझ्या ब्रेडबोर्डवर एकच रेझिस्टर बदलला इथं चारही बदलतात म्हणून आउटपुट चौपट. किती बदलतात? सेलवर २ मिलिव्होल्ट पर व्होल्ट असं लिहिलेलं असतं, म्हणजे १० व्होल्ट दिले आणि पूर्ण वजन ठेवलं तर २० मिलिव्होल्ट. ३५० ओहममधे फक्त ०.७ ओहमचा फरक. तो फरक नुसता ओहममीटरनं मोजायला जाशील तर प्रोबच्या वायरचाच रेझिस्टन्स त्यात मिसळतो, म्हणूनच तर ब्रिज. आणि ऊन लागून ठोकळा तापला तर चारही गेज सारखेच बदलतात आणि सारखं बदललेलं मधे दिसतच नाही, ही ब्रिजची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट.

वायरींचे रंग बहुतेक लाल प्लस, काळी मायनस, हिरवी सिग्नल प्लस, पांढरी सिग्नल मायनस. पण रंगावर डोळे झाकून जाऊ नको, कंपनीगणिक बदलतात. सप्लाय न देता ओहम मोज. समोरासमोरच्या दोन वायरींमधे ३५० च्या आसपास, शेजारशेजारच्यांमधे २६२ च्या आसपास. का ते तूच काढ आता, एकीकडं ३५० आणि दुसरीकडून फिरून येणारे तीन ३५०, पॅरलल. सप्लायच्या जोडीत बऱ्याचदा ४०० पर्यंत दिसतं कारण आत कॉम्पेन्सेशनचे रेझिस्टर असतात, म्हणजे ३५० वाली जोडी सिग्नलची आणि ४०० वाली सप्लायची. अशा वेळी शेजारच्यांचे आकडे पण थोडे वरखाली होतात.

प्रोजेक्टच्या दृष्टीनं महत्त्वाचं, सिग्नलच्या दोन वायरी आर्डुइनोच्या (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) दोन अॅनालॉग पिनना लावून सॉफ्टवेअरमधे वजाबाकी करू असं बरीच पोरं करतात. हिशोब कर. कॅनसाठी १०० किलोचा सेल घेतला, ५ व्होल्ट दिले, पूर्ण १०० किलोला १० मिलिव्होल्ट. आर्डुइनो उनोची एक पायरी, म्हणजे त्याला कळणारा सगळ्यात छोटा फरक, ५ व्होल्ट भागिले १०२४ म्हणजे ४.९ मिलिव्होल्ट. म्हणजे ४९ किलो वाढल्याशिवाय आर्डुइनोला काही कळणारच नाही, भरलेला कॅन ठेवला तरी कदाचित आकडा हलणार नाही. म्हणून मधे एचएक्स७११ (लोड सेलचा सिग्नल वाचणारी चिप) लागतो. दोन्ही वायरींवर अडीच-अडीच व्होल्ट कायम आहेत ते त्याला नको असतात, त्याला फक्त फरक पाहिजे, तो फरक १२८ पट मोठा करून २४ बिटमधे देतो.

रिकामा सेल १० व्होल्टवर शून्याच्या अगदी जवळ पाहिजे. रिकामा असताना ४-५ मिलिव्होल्ट दाखवायला लागला की समजायचं कुणीतरी त्याच्यावर पोतं आदळलंय, ठोकळा कायमचा वाकलाय. आणि आकडा हळूहळू सरकत असेल तर बहुतेक केबलमधे पाणी, तुमच्या डेअरीत तर धुवाधुवी रोजची, ग्लँड (केबल आत शिरते तिथलं सील) घट्ट ठेवा. सगळ्या वायरी आणि सेलच्या बॉडीमधे मेगा ओहममधे मोजून बघायचं, तिथं रेझिस्टन्स पडला की ब्रिजच्या एका कोपऱ्याला न बोलावलेला पाचवा रेझिस्टर लागला.

निवृत्त_केबलवाला:

वा, फार छान चर्चा. मी भूमिगत केबलच्या कामात नोकरी केली, आमच्यासाठी ब्रिज म्हणजे रोजीरोटी. एक वेगळा उपयोग सांगतो, त्यात व्होल्टेज कुठलं आणि करंट कुठला हे फार सुंदर दिसतं.

जमिनीखालच्या केबलची एक कोर (आतली एक तार) कुठेतरी अर्थला टेकली. रस्ता कुठे खणायचा? मरे लूप टेस्ट. लांबच्या टोकाला खराब कोर आणि शेजारची चांगली कोर एकत्र जोडायच्या. या टोकाला ब्रिजच्या दोन फांद्या, चांगल्या कोरकडची पी, खराब कोरकडची क्यू. दोन कोरच्या या टोकांमधे गॅल्व्हनोमीटर (अगदी थोडा करंटही काट्याने दाखवणारा मीटर). बॅटरीचं एक टोक पी आणि क्यू च्या सांध्याला, दुसरं अर्थला. झाला ब्रिज, चौथा कोपरा जमिनीखाली, जिथे फॉल्ट आहे तिथे. पी-क्यू फिरवत काटा शून्यावर आणायचा. केबलची लांबी १२०० मीटर, म्हणजे जाऊन-येऊन २४००. शून्याला पी ७५० आणि क्यू २५० आले तर फॉल्ट २४०० गुणिले २५० भागिले १००० म्हणजे आपल्यापासून ६०० मीटरवर. दोन्ही कोर एकाच जाडीच्या असल्या पाहिजेत एवढं बघायचं.

आता खरा मुद्दा. फॉल्टच्या जागी मातीशी जो संपर्क आहे त्याचा रेझिस्टन्स किती हे कुणालाच माहीत नसतं, १०० ओहम असेल, १०,००० असेल, पाऊस पडला की बदलेल. तरी उत्तर बदलत नाही. का? कारण तो रेझिस्टन्स ब्रिजच्या फांदीत नाही, बॅटरीच्या वाटेवर आहे. तो वाढला तर ब्रिजला मिळणारा एकूण करंट कमी होईल, पण दोन फांद्यांमधली वाटणी तीच राहील, आणि शून्य वाटणीवर ठरतं. फक्त काट्याची हालचाल मंद होते, म्हणून मग जास्त व्होल्टची बॅटरी घ्यायची. बॅटरी उतरलेली असली तरी शून्य हलत नाही, गॅल्व्हनोमीटरवरचे आकडे चुकीचे छापलेले असले तरी चालतं, कारण आपण आकडा वाचतच नाही, शून्य आहे की नाही एवढंच बघतो. बारावीच्या मुलांचा मीटर ब्रिज याच तत्त्वावर चालतो.

नाव व्हीटस्टनचं लागलं पण ही जुळणी सॅम्युअल हंटर ख्रिस्टी यांनी १८३३ मधे आधी मांडली होती, चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८४३ मधे ती लोकांपुढे आणली आणि श्रेय ख्रिस्टींना दिलं. ख्रिस्टींचं नाव पुस्तकात क्वचितच दिसतं याचं मला वाईट वाटतं, म्हणून लिहितो.

मात्र एक फरक लक्षात ठेव. आमचा ब्रिज बॅलन्स करून वाचायचा, तुझा लोड सेल अनबॅलन्स होऊ देऊन वाचायचा. त्यामुळे आम्हाला बॅटरीची पर्वा नव्हती, तुला आहे. तुझा सप्लाय १ टक्का घसरला तर वजन १ टक्का घसरेल.

मिरज_डिप्लोमा:

काका, रेझिस्टन्स फांदीत आहे की बॅटरीच्या वाटेवर हे फारच भारी सांगितलंत. सर्वांचे आभार. २६२ चं गणित केलं, ३५० आणि १०५० पॅरलल, २६२.५ येतंय.

काकांच्या शेवटच्या वाक्यावरून एक शंका, आमच्या केंद्रावर काटा बाहेर ओट्यावर आणि नोंदीचं टेबल आत, केबल साधारण २० मीटर होईल. सप्लायच्या वायरीवर पण ड्रॉप होणारच ना? मग सेलला ५ व्होल्ट पोचणारच नाहीत, वजन कमी दाखवेल का?

तराजू_दुरुस्ती:

हो दाखवेल, बरोबर पकडलंस. ०.२ स्क्वेअर एमएमची बारीक केबल असेल तर २० मीटर जाऊन २० मीटर येऊन साडेतीन ओहमच्या आसपास होतात, ३५० समोर १ टक्का. ५० किलोला अर्धा किलो. सिग्नलच्या वायरीची काळजी करू नको, त्यातून करंट जवळजवळ जातच नाही त्यामुळं तिथं ड्रॉप नाही, सगळा घोळ लाल आणि काळीचा.

मोठ्या काट्यांना म्हणून सहा वायरी असतात, दोन जास्तीच्या फक्त सेलपाशी खरंच किती व्होल्ट पोचले ते मोजून परत आणायला, आणि इंडिकेटर त्या आकड्यानं भागून वजन काढतो. तुझ्या एचएक्स७११ ला ती सोय वेगळी नाही. तो स्वतः सेलला जे व्होल्ट देतो त्याच्याशीच तुलना करतो, म्हणून सप्लाय जरा वरखाली झाला तर तो सांभाळून घेतो, वायरीतला ड्रॉप मात्र त्याला दिसत नाही. तेव्हा एचएक्स७११ ची प्लेट आणि आर्डुइनो दोन्ही ओट्यावरच सेलजवळ वॉटरप्रूफ डब्यात बसव आणि आत टेबलाकडं फक्त आकडे पाठव, सिरीयलनं पाठव, २० मीटरला आरएस४८५ (लांब वायरीतून आकडे पाठवायची पद्धत) चं मोड्यूल लावलंस तर निर्धास्त. लांब वायरीतून मिलिव्होल्ट न्यायचेच नाहीत, शेजारी मोटर चालू झाली की आकडा नाचतो.

आणि सेलला कंपनीतून जी चार वायरींची केबल येते ती कापून छोटी करू नको, त्या लांबीसकट सेल कॅलिब्रेट केलेला असतो. उरलेली गुंडाळून डब्यात ठेव. सगळं जागेवर बसवून झालं की मग माहितीची वजनं ठेवून कॅलिब्रेशन कर, २० किलो आणि ४० किलो दोन्ही ठेवून बघ, नुसतं एका वजनावर जुळवून थांबू नको.